डॉइचलांडटिकेट : जर्मनीत नव्याने राहायला आलेल्यांसाठी अडीच वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

ऑक्टोबर 2023 च्या मध्यावर मी नोकरीसाठी जर्मनीत आले आणि म्युनिकच्या एका उपनगरात भाड्याने राहू लागले. मी निवडलेल्या विक्रेत्याकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातील स्थानिक प्रवासाला चालणारे मासिक तिकीट, महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनच सुरू होत असे, त्यामुळे माझे तिकीट 1 नोव्हेंबरला सुरू झाले आणि मधले दोन आठवडे मला सुट्या तिकिटांवर काढावे लागले. आज अडीच वर्षांनी या सेवेविषयी लिहायला बसल्यावर ते दोन आठवडे मला फार मोलाचे वाटतात, कारण हे तिकीट नवख्या माणसाची नेमकी कोणती अडचण दूर करते हे मला त्यांच्यामुळेच कळले. माझे मत आधीच सांगते. जर्मनीत नव्याने येणाऱ्या आणि रोज थोडाफार प्रवास करावा लागणाऱ्या माणसाने पहिले सहा महिने तरी हे तिकीट जरूर घ्यावे. मात्र ते कसे विकले जाते आणि कसे बंद करायचे असते, हे घेण्यापूर्वीच समजून घ्यावे, कारण त्याचे बहुतेक दोष प्रवासात नसून कागदोपत्री व्यवहारात आहेत.

ज्यांना या तिकिटाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. 2022 साली इंधनाचे भाव भडकले तेव्हा जर्मन सरकारने जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांसाठी देशभरातील स्थानिक प्रवासाला दरमहा 9 युरोचे तिकीट काढले. त्याला मिळालेला प्रतिसाद इतका मोठा होता की पुढे त्याचेच कायमस्वरूपी रूप म्हणून 1 मे 2023 पासून डॉइचलांडटिकेट सुरू झाले. सुरुवातीला त्याची किंमत दरमहा 49 युरो होती, जानेवारी 2025 पासून ती 58 युरो झाली आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. या एका तिकिटावर देशातील कोणत्याही गावात किंवा शहरात बस, ट्राम, भुयारी रेल्वे म्हणजे ऊबान, उपनगरी रेल्वे म्हणजे एसबान आणि प्रादेशिक गाड्या यांच्या दुसऱ्या वर्गातून कितीही वेळा प्रवास करता येतो. वुपर्टालची 1901 पासून चालणारी, रुळाखाली लटकत जाणारी रेल्वेही त्यात येते आणि हॅम्बुर्गमध्ये लांडुंग्सब्र्युकेनहून फिंकेनवेर्डरला जाणारी 62 क्रमांकाची बोटही त्यात येते.

आता त्या दोन आठवड्यांविषयी. जर्मनीतील स्थानिक वाहतूक फेरकेर्सफेरबुंड नावाच्या संघटनांमध्ये विभागलेली आहे. एखाद्या प्रदेशातील बस, ट्राम आणि रेल्वे चालवणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्या एकत्र येऊन एकच तिकीट चालवतात, ही ती कल्पना; हॅम्बुर्गमध्ये 1965 साली स्थापन झालेली अशी संघटना जगातली पहिली मानली जाते. कल्पना उत्तम आहे, पण प्रत्येक संघटनेचे, भाडे ठरवण्यासाठी पाडलेल्या परिमंडळांचे नकाशे, तिकिटांची नावे आणि शिक्का मारण्याचे नियम वेगळे असतात. म्युनिकमध्ये मध्यवर्ती भागाचे परिमंडळ एका अक्षराने आणि बाहेरची परिमंडळे आकड्यांनी ओळखली जातात. शिवाय तेथे श्ट्राइफेनकार्टे नावाचे दहा पट्ट्यांचे एक तिकीट मिळते, ज्यावर आपल्या प्रवासाच्या अंतरानुसार पट्ट्या मोजून, कागद घडी घालून, फलाटावर जाण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारून घ्यायचा असतो. माझ्या घरापासून कार्यालयापर्यंत किती पट्ट्या, मधल्या स्थानकावर उतरून किराणा घेतला तर काय, परतीच्या प्रवासाला तेच तिकीट चालते की नाही, हे सगळे प्रश्न मी रोज सकाळी यंत्रासमोर उभी राहून सोडवत असे आणि मागे रांग लागलेली असे. बर्लिनमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला याच अडचणीचा दुसरा नमुना भेटला. तेथील विमानतळ सी परिमंडळात आहे, शहरात नेहमी घेतले जाणारे तिकीट मात्र ए आणि बी एवढ्याच परिमंडळांचे असते. ती पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेली आणि तिकीट खिशात असूनही दंडास पात्र ठरली.

जर्मनीत स्थानकांवर प्रवाशांना अडवणारी दारे नसतात, हे येथे समजून घेण्यासारखे आहे. कोणीही सरळ फलाटावर जाऊ शकतो आणि गाडीत चढू शकतो. त्यामुळे तिकीट चुकीचे असेल तर ते आत शिरताना कळत नाही. तपासनीस समोर उभा राहिल्यावरच कळते. नव्या माणसाच्या दृष्टीने ही व्यवस्था कठीण आहे, कारण चूक दाखवून देणारे मधले कोणी नसते. डॉइचलांडटिकेटचे खरे मोल मला येथे दिसते. परिमंडळ, पट्ट्या, शिक्का आणि वेळेची मर्यादा या चारही गोष्टी एका फटक्यात नाहीशा होतात. चुकीच्या बसमध्ये चढलात तर पुढच्या थांब्यावर उतरून उलट दिशेची बस धरायची, एवढेच. भाषा न कळणाऱ्या शहरात विनादंड चुकण्याची मुभा मिळणे ही केवढी मोठी सोय आहे, हे ज्याने ते दिवस काढले आहेत त्यालाच समजेल.

ही मुभा मिळाल्यावर मी काय काय करू शकले, ते थोडे सविस्तर लिहिते, कारण पैशांच्या हिशेबात या गोष्टी दिसत नाहीत. मी आले तेव्हा राहायला मिळालेली खोली फक्त तीन महिन्यांसाठी होती आणि म्युनिक परिसरात घर शोधणे किती अवघड आहे हे येथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या काळात मी पंधरावीस घरे पाहिली असतील. त्यांतली काही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, काही एसबानच्या शेवटच्या स्थानकापलीकडे बसने जाण्याच्या अंतरावर होती. प्रत्येक वेळी जाण्यायेण्याचा खर्च मोजावा लागला असता तर मी दूरची घरे पाहिलीच नसती, आणि शेवटी मला घर मिळाले ते अशाच एका दूरच्या ठिकाणी. घर पाहायला जाताना मी एक सवय लावून घेतली होती, ती इतरांनाही सुचवते : घर दाखवण्याची वेळ दिवसाची असली तरी एकदा रात्री नऊनंतर आणि एकदा रविवारी त्याच मार्गाने तेथे जाऊन यावे. कामाच्या दिवशी दर वीस मिनिटांनी येणारी बस रविवारी तासाला एक असू शकते किंवा नसतेच, आणि ही गोष्ट घराच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

कार्यालयीन कामांचेही तसेच. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आन्मेल्डुंग, करावी लागते. मग बँक, विमा, परकीय नागरिकांचे कार्यालय अशी फेऱ्यांची मालिका सुरू होते. एखादा कागद राहिला म्हणून परत घरी जाऊन यावे लागले, तर निदान भाड्याचे दुखणे त्यात नसते. रविवारी दुकाने बंद असतात आणि नव्या माणसाला तो दिवस फार लांब वाटतो. पहिल्या हिवाळ्यात मी जवळजवळ प्रत्येक रविवारी कोणत्या तरी प्रादेशिक गाडीत बसून तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या गावी जात असे. त्या प्रवासांत स्थानकांवरील सूचना, फलाट बदलल्याच्या घोषणा आणि सहप्रवाशांचे बोलणे ऐकून माझा कान जितका तयार झाला, तितका भाषेच्या वर्गातही झाला नाही.

कोणत्या गाड्या चालतात आणि कोणत्या चालत नाहीत, याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. आरई, आरबी आणि एस या अक्षरांनी सुरू होणाऱ्या गाड्यांतून जाता येते. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी हे तिकीट नाही आणि फ्लिक्सबस, फ्लिक्सट्रेन यांच्यासाठीही नाही. प्रवासाचे नियोजन करताना जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर या ॲपमध्ये फक्त या तिकिटावर चालणारे पर्याय दाखवण्याची सोय आहे. ती चालू ठेवल्याशिवाय मी कोणालाही मार्ग शोधू देत नाही, कारण ॲप आपण होऊन नेहमी वेगवान गाडी पुढे करते. फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरणाऱ्यांनी तेथे दोन वेगळी रेल्वेस्थानके आहेत हे लक्षात ठेवावे. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक वेगळे आहे आणि शहराकडे जाणाऱ्या एसबानचे, टर्मिनल एकच्या खाली असलेले, प्रादेशिक स्थानक वेगळे. आपल्याला दुसरे हवे असते.

गाड्या मध्येच दुभागतात, ही गोष्टही मला कोणी आधी सांगितली नव्हती. म्युनिकच्या विमानतळाकडे एस 1 आणि एस 8 अशा दोन गाड्या जातात. त्यांपैकी एस 1 ही नॉयफार्न या स्थानकावर दोन भागांत विभागली जाते. पुढचे डबे फ्रायझिंगला जातात आणि मागचे डबे विमानतळाला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पुढच्या डब्यात बसले होते आणि घोषणा जर्मनमध्ये झाली तेव्हा तिच्यातला ‘मागचा भाग’ हा शब्द मला कळला नाही. सुदैवाने मी कोणाला आणायला निघाले होते, विमान पकडायला नाही. बव्हेरियातील अनेक प्रादेशिक गाड्याही अशाच विभागल्या जातात, म्हणून डब्याच्या दारावरील किंवा आतील फलकावर शेवटच्या स्थानकाचे नाव वाचून मगच बसावे. तिकीट सर्वत्र चालणारे असले तरी गाडी आपल्या ठिकाणी जाणारी आहे की नाही, हे तिकीट सांगत नाही.

लांबच्या प्रवासाला ते कितपत उपयोगी आहे, असे मला नेहमी विचारले जाते. म्युनिक ते न्युर्नबर्ग हे अंतर आयसीई साधारण तासाभरात कापते आणि इंगोलश्टाटमार्गे जाणारी प्रादेशिक जलदगाडी पावणेदोन तासांच्या आसपास घेते. एवढ्या फरकासाठी मी वेगळे पैसे कधीच मोजत नाही. कोलोन ते फ्रँकफर्ट हे प्रकरण निराळे आहे. तेथे वेगवान गाडीला तास-सव्वा तास पुरतो आणि प्रादेशिक गाड्यांना कोब्लेंझमार्गे त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. तरीही ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने, कोब्लेंझ आणि बिंगेन यांच्यामधल्या, 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या खोऱ्यातून जाणारा तो मार्ग एकदा तरी मुद्दाम करण्यासारखा आहे. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत याच तिकिटावर जाण्याचा मोह मात्र टाळावा. पाच-सहा गाड्या बदलताना एक जरी चुकली तरी दिवस हातचा जातो, आणि सामान घेऊन तर ते मुळीच करू नये.

आता खरेदीकडे वळते, कारण माझ्या नाराजीचा मोठा भाग तेथे आहे. हे तिकीट सुटे मिळत नाही. ती मासिक वर्गणी असते आणि आपण बंद करेपर्यंत दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. कागदी तिकीट यंत्रातून काढण्याची सोय नाही. ते फोनवरील ॲपमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या चिप-कार्डावर मिळते. पैसे बहुतेक ठिकाणी लास्टश्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे आपल्या बँक खात्यातून विक्रेत्याने परस्पर वळते करून घेण्याच्या पद्धतीने, घेतले जातात. नुकत्याच आलेल्या माणसाचे जर्मन बँकेत खाते नसते, आणि काही विक्रेते त्याआधी ग्राहकाची पतही तपासतात. शूफा या पतनोंद संस्थेकडे ज्याची काही नोंदच नाही, त्याची वर्गणी त्यामुळे नाकारली जाऊ शकते. मला पहिल्या विक्रेत्याने असेच कारण न देता नाकारले होते आणि आपल्याकडून काय गुन्हा घडला हे न कळल्याने मी दोन दिवस अस्वस्थ होते. नंतर कळले की तिकीट सगळीकडे एकच असले तरी विकणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि त्यांच्या अटी वेगळ्या आहेत. आपल्याच शहराच्या वाहतूक कंपनीकडून ते घ्यावे असे बंधन नाही. क्रेडिट कार्ड किंवा पेपॅल स्वीकारणारे, तसेच महिन्याच्या मध्यावर सुरुवात करू देणारे विक्रेते आहेत, म्हणून एकाने नाकारले तर दुसऱ्याकडे जावे. सेपा या युरोपातील सामायिक पैसे-हस्तांतर व्यवस्थेतल्या दुसऱ्या देशातील खाते असेल तर तेही चालायला हवे. केवळ खाते जर्मन नाही म्हणून आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नाकारणे युरोपीय नियमांत बसत नाही.

लास्टश्रिफ्टची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण खात्यात त्या तारखेला पुरेसे पैसे असलेच पाहिजेत. रक्कम परत गेली तर विक्रेता दंड लावतो आणि तिकीटही गोठवतो. चुकून जास्त रक्कम कापली गेली, तर परवानगी दिलेल्या व्यवहारातही आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून ती परत मिळवता येते. हा हक्क नव्या लोकांना सहसा माहीत नसतो.

फोन की कार्ड, या प्रश्नाचे माझे उत्तर अनुभवाने बदलले. मी आधी कार्ड मागवले होते. ते टपालाने निघाले आणि माझ्यापर्यंत पोहोचलेच नाही, कारण मी ज्या इमारतीत राहत होते तेथील पत्रपेटीवर माझे नाव नव्हते. जर्मनीत पत्त्यावर घर क्रमांक पुरत नाही. पोस्टमन पेटीवरील आडनाव पाहून पत्र टाकतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जाते. त्यामुळे घराची किल्ली हातात आल्यावर पहिले काम म्हणून, कागदाच्या चिठ्ठीवर का होईना, आपले नाव पेटीवर आणि दारावरच्या घंटीजवळ लावावे. बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड, कर क्रमांक अशा अनेक गोष्टी याच पेटीत येतात, तेव्हा हा सल्ला तिकिटापुरता नाही. त्यानंतर मी फोनवरचे तिकीट घेतले. ते तत्काळ मिळाले आणि अडीच वर्षे नीट चालले. पण थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, हा त्याचा दोष आहे. फोन बंद पडला तर तिकीट नाही असेच धरले जाते. कडाक्याच्या थंडीत फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा आणि चार्जिंगची छोटी बॅटरी जवळ बाळगावी. ज्यांना फोनचा भरवसा वाटत नाही त्यांनी कार्डच घ्यावे, मात्र पेटीवर नाव लावून.

तपासणीत पकडले गेल्यास 60 युरो भरावे लागतात. 2015 पासून हीच रक्कम आहे. आपले तिकीट वैध होते पण दाखवता आले नाही, असे असेल तर तपासनिसाने दिलेल्या चिठ्ठीवरील मुदतीत ते सादर करावे. नावावरच्या तिकिटांच्या बाबतीत रक्कम सहसा 7 युरोपर्यंत खाली येते. तिकिटासोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवणे आवश्यक असते आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट गाडीत चढण्यापूर्वी घेतलेले असले पाहिजे. तपासनीस दिसल्यावर फोनवर खरेदी करणे उपयोगाचे नाही. ही बाब मी एवढ्या काटेकोरपणे सांगते याला कारण आहे. विनातिकीट प्रवास हा जर्मन दंडसंहितेच्या 265 अ या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो, आणि ज्याचा निवासाचा परवाना नूतनीकरणावर अवलंबून आहे अशा माणसाने अशा पत्रांकडे कधीही दुर्लक्ष करू नये. दंड अन्यायाचा वाटला तरी मुदतीत लेखी हरकत नोंदवावी, पत्र कपाटात ठेवून देऊ नये.

वर्गणी बंद करण्याचा नियम साधा आहे, पण तो चुकवणारे पुष्कळ आहेत. चालू महिन्याच्या अखेरीस तिकीट बंद व्हावे असे वाटत असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावे लागते. 2024 च्या डिसेंबरात मी जानेवारीभर सुट्टीवर जाणार होते आणि 12 तारखेला बंद करायला गेले. जानेवारीचे पूर्ण पैसे द्यावे लागले. तेव्हापासून मी फोनमध्ये दर महिन्याच्या 8 तारखेची आठवण लावून ठेवली आहे. 2022 च्या जुलैपासून संकेतस्थळांवरून केलेल्या करारांसाठी तेथेच करार संपवण्याचे बटण देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पत्र पाठवा किंवा फोन करा असे कोणी सांगितले तर ते मान्य करण्याची गरज नाही. बंद केल्यावर येणारी पुष्टीची ईमेल जपून ठेवावी. बंद केलेले तिकीट पुढे हवे तेव्हा नव्याने घेता येते, आणि त्यामुळे दीर्घ सुट्टीवर जाणाऱ्याने संकोच न करता ते बंद करावे.

63 युरो भरण्याआधी दोन ठिकाणी चौकशी केलीच पाहिजे. नोकरदारांनी आपल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला जॉबटिकेटविषयी, म्हणजे कंपनीमार्फत सवलतीत मिळणाऱ्या याच तिकिटाविषयी, विचारावे. कंपनीने किमान 25 टक्के वाटा उचलला तर वर आणखी 5 टक्के सवलत मिळते आणि कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त 44.10 युरो पडतात. माझ्या कंपनीत ही सोय होती आणि मी पाच महिने पूर्ण किंमत भरत राहिले, कारण मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. विद्यार्थ्यांनी तर स्वतंत्र तिकीट घेण्याची घाईच करू नये. 2024 च्या उन्हाळी सत्रापासून अनेक विद्यापीठांत सत्रशुल्कातच देशभर चालणारे तिकीट समाविष्ट असते आणि त्याची किंमत मूळ किमतीच्या 60 टक्के असते. ते सर्व विद्यार्थ्यांना सामायिकपणे लागू असते, म्हणजे आपण पैसे भरलेलेच असतात. त्यावर दुसरे तिकीट घेणारे नवे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

सेवेच्या दर्जाविषयी बोलायचे तर गाड्यांना उशीर होतो, आणि तो वारंवार होतो. या तिकिटावर उशिराची भरपाई जवळजवळ नगण्य आहे. तासाभराच्या उशिराला दीड युरो, आणि 4 युरो जमल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत. सामान्य दराच्या तिकिटावर उशीर झाल्यास वेगवान गाडीत बसण्याचा जो हक्क मिळतो, तोही येथे नाही. त्यामुळे मुलाखत, परवान्यासाठी मिळालेली भेटीची वेळ किंवा विमान असेल त्या दिवशी मी एक गाडी आधीची धरते. रुळांची कामे चालू असताना रेल्वेऐवजी बस सोडल्या जातात, त्यांना थोडक्यात एसईव्ही म्हणतात. त्यांत हेच तिकीट चालते, पण बसचा थांबा स्थानकापासून दूर असू शकतो. तो शोधण्याचा वेळही धरावा.

सीमेपलीकडच्या काही स्थानकांपर्यंत हे तिकीट पोहोचते. बव्हेरियातून ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग आणि कुफश्टाइनपर्यंत आपण त्यावर जाऊ शकतो. प्रवास देशांतर्गत वाटतो, म्हणून लोक कागदपत्रे घरी ठेवून निघतात. जर्मनीच्या सर्व भूसीमांवर सप्टेंबर 2024 पासून तपासणी सुरू झाली आहे आणि परतताना गाडीत पोलीस येतात, तेव्हा पारपत्र आणि निवासाचे कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवेत. ज्यांचा निवासाचा परवाना अजून प्रक्रियेत आहे त्यांनी हातातल्या कागदावर सीमा ओलांडता येते का, हे विचारल्याशिवाय साल्झबुर्गची गाडी धरू नये.

कोणी हे तिकीट घेऊ नये, हेही सांगायला हवे. घरापासून कार्यालय चालत किंवा सायकलने जाण्याजोगे असेल आणि महिन्याला मोजक्याच फेऱ्या होत असतील तर आपल्या शहरातील एकेरी तिकिटाच्या दराने 63 ला भागून पाहावे. तेवढ्या फेऱ्या होत नसतील तर सुटी तिकिटेच बरी. सायकल सोबत नेणाऱ्यांना तिच्यासाठी बहुधा वेगळे तिकीट काढावे लागते. सहा वर्षांखालील मुले विनामूल्य प्रवास करतात, पण त्याहून मोठ्या मुलांसाठी स्वतंत्र तिकीट लागते, आणि हे तिकीट नावावर असल्याने नवरा-बायकोला आलटूनपालटून वापरता येत नाही. चार-पाच जणांच्या कुटुंबाने एखाद्या दिवशी सहलीला जायचे असेल तर बायर्न-टिकेटसारखी त्या-त्या राज्याची, पाच जणांपर्यंत चालणारी दिवसाची तिकिटे अधिक परवडतात. कामाच्या दिवशी ती सकाळी नऊनंतर लागू होतात, एवढे ध्यानात ठेवावे.

गेल्या उन्हाळ्यात माझे आई-वडील दोन महिन्यांसाठी येथे आले होते. या तिकिटासाठी जर्मनीत वास्तव्य असण्याची अट नाही, म्हणून मी जुलैच्या पहिल्या तारखेपासून दोघांच्याही नावाने ते घेतले आणि ऑगस्टच्या 10 तारखेपूर्वी बंद केले. त्यांच्या फोनवर ॲप घालून दिले, पारपत्र नेहमी पिशवीत ठेवायला सांगितले आणि आमच्या स्थानकाचे नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिले. तिसऱ्या आठवड्यापासून मी कामावर गेल्यावर ते दोघे माझ्याविना बाहेर पडू लागले. एकदा वडिलांनी उलट दिशेची ट्राम धरली, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तेथे अर्धा तास नदीकाठी बसले आणि त्याच ट्रामने परत आले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मला त्या थांब्याचे नाव अचूक उच्चारून दाखवले.